‘चुकलं’ म्हणायची चोरी

माणूस आयुष्यात दोनच जणांपुढे मुकाट्याने आ करतो. लहानपणी आईपुढे आणि उतारवयात दातांच्या डॉक्टरपुढे. पहिल्या वेळी तोंडात काहीतरी पडतं, दुसऱ्या वेळी तोंडातलं काहीतरी जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त जे जायचं ठरलंय तेच जावं, एवढी माफक अपेक्षा मी बाळगून होतो.

माझी डावी दाढ दुखत होती. डॉक्टरांनी उजवी काढली.

हे मी आतापर्यंत निदान चाळीस जणांना ऐकवलं असेल आणि चाळीसही जणांनी एकच प्रश्न विचारला, "मग तुम्ही बोलला का नाहीत?" अहो, बोललो ना! पण तोंडात डॉक्टरांची बोटं, कापसाचे दोन बोळे, एक आरसा आणि थुंकी ओढणारी ती गुरगुरणारी नळी असताना ‘अहो, ही नव्हे, ती’ एवढं वाक्य कोणी म्हणून दाखवावं. मी ‘आँ हँऽ हँ’ असं म्हणालो. हातही हलवला. तेव्हा डोक्याशी उभ्या असलेल्या मुलीने माझा हात हळूच खाली दाबला आणि म्हणाली, "घाबरू नका हं आजोबा, झालंच."

आणि खरंच झालं.

चिमट्यातली दाढ डॉक्टरांनी उजेडात धरली. दाढ देखणी होती. लहानपणी निरगुडसरला आत्याकडे ऊस खाऊन खाऊन तयार झालेली, साठ वर्षांत एक तक्रार न केलेली. "अरे..." एवढं डॉक्टरांच्या तोंडून निघालं. ते मी स्वच्छ ऐकलं. पुढचा ‘च्चा’ मात्र त्यांनी गिळला आणि चेहरा सारखा करून म्हणाले, "हीसुद्धा आज ना उद्या जाणारच होती. लवकर निघाली ते बरं झालं."

आज ना उद्या तर आपण सगळेच जाणार आहोत. म्हणून कोणी लवकर निघा म्हटलं तर आपण ‘बरं झालं’ म्हणतो का?

घरी आल्यावर ही म्हणाली, "तुमचं नेहमीचंच आहे. मेथी आणायला पाठवलं तर शेपू घेऊन येता." जणू दाढ मीच निवडून दिली होती. पण आमचा पुतण्या वकील आहे. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, "काका, तुम्ही आता पेशंट नाही. तुम्ही ग्राहक आहात."

मला बरं वाटलं. ग्राहक हा देव असतो असं दुकानात लिहिलेलं असतं. त्याच पाटीखाली ‘उधार बंद’ असंही असतं, ही गोष्ट वेगळी. पुतण्याने मला सगळं समजावून दिलं. ग्राहक संरक्षणाचा कायदा आला १९८६ साली. डॉक्टरांची सेवा त्यात येते की नाही यावर नऊ वर्षं वाद झाला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवाच. सरसकट सगळ्यांना फुकट औषध मिळतं तेवढ्या जागा सोडल्या, तर बाकी ठिकाणी रुग्ण हा ग्राहक. २०१९ साली जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, तरी ही गोष्ट बदलली नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

"तुमचं प्रकरण सोपं आहे," पुतण्या म्हणाला. "फक्त डॉक्टर चूक कबूल करणार नाही."

"का बरं? ‘अरे’पर्यंत तर आला होता."

"काका, हल्ली डॉक्टरांचा विमा असतो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, अशी अट त्या कागदात असते. ‘चुकलं’ म्हणाला की विमा गेला."

मी थक्क झालो. कोणाच्या पायावर पाय पडला तर आपण वाकून नमस्कार करतो. इथे माणसाच्या तोंडातून भलतीच दाढ काढल्यावर ‘चुकलं’ म्हणायचीसुद्धा चोरी! पुतण्या भरपाईचा आकडा मांडू लागला. दाढेची किंमत, मनस्ताप, चावण्याच्या सुखात आलेली घट. पण खरं सांगू? मला यातलं काहीच नको होतं. मला तो उरलेला ‘च्चा’ हवा होता.

आता दाढेवर मी विनोद करतोय, कारण दाढ एक होती आणि मी अजून आहे. सगळ्यांचं असं होत नाही. पुतण्याने मला दोन निकाल वाचायला दिले. दोन्ही आपल्याच मुलखातले.

पहिला जोशी विरुद्ध गोडबोले. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या वाळूवर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. घरच्यांनी त्याला उपचारासाठी पुण्याला आणलं. तिथे भूल न देता, जोर लावून हाड बसवलं गेलं आणि त्या धक्क्याने मुलगा दगावला, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. आईबापांना भरपाई मिळाली ३,००० रुपये. डॉक्टर वरच्या कोर्टात गेले, त्याहून वरच्या कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाने १९६८ साली तोच निकाल कायम केला. डॉक्टरचं कर्तव्य तिहेरी असतं, असं त्यात सांगितलंय. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे नीट ठरवणं, कोणता उपचार द्यावा हे नीट ठरवणं आणि तो नीट करणं. पंधरा वर्षं आणि ३,००० रुपये. पैशासाठी भांडणारा माणूस एवढी वर्षं भांडत नाही. त्याला कोणाकडून तरी एक वाक्य ऐकायचं असतं.

दुसरा निकाल औरंगाबादचा, आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. १९६३ साली सरकारी इस्पितळात एका बाळंतिणीवर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टिपकागदासारखं वापरायचं फडकं राहून गेलं. पोट पुन्हा उघडून ते काढलं, पण बाई गेली. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये दिले, हायकोर्टाने ते काढून घेतले आणि सुप्रीम कोर्टाने १९९६ साली परत दिले. तेहतीस वर्षं! नेमकी चूक कोणाची हा प्रश्न निघालाच. पण फडकं काही स्वतःच्या पायाने पोटात शिरलं नव्हतं. काही गोष्टींना साक्षीदार लागत नाही.

हे वाचून मी तावातावाने आमच्या कट्ट्यावर गेलो. तिथे एक निवृत्त डॉक्टर येतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं (त्यांना माझी दाढही दाखवली, म्हणजे जागा दाखवली) आणि मग म्हणाले, "खरं आहे. पण दुसरी बाजूही बघा. चाळीस वर्षांत माझ्याही हातून चुका झाल्या. एक चूक माणसाला सावध करते. पण रोज दाव्याची धास्ती बसली की तो सावध होत नाही, लबाड होतो. साध्या डोकेदुखीला पाच तपासण्या लिहितो. अवघड पेशंट दिसला की ‘पुण्याला न्या’ म्हणतो. आणि दावा तरी बरा, हल्ली काचा फुटतात."

तेही खोटं नाही. डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर हल्ले होतात म्हणून महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि मोडतोडीची दुप्पट भरपाई. फौजदारी खटल्यांचा ससेमिरा वाढला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितलं, की साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे. निष्काळजीपणा ढोबळ असला पाहिजे आणि खाजगी तक्रारीबरोबर दुसऱ्या जाणत्या डॉक्टरचं मत असलं पाहिजे. तिकडे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात दाव्यांपायी विम्याचे हप्ते एवढे वाढले, की १९७५ साली त्यांनी मनस्तापाच्या भरपाईला अडीच लाख डॉलरचा बांध घातला. तो पुढे जवळजवळ पन्नास वर्षं तसाच राहिला. मनस्ताप मात्र महागाईप्रमाणे वाढत असणार.

थोडक्यात काय, दावे मोकळे सोडले तर डॉक्टर भितो आणि दावे आवळले तर रुग्ण मरतो. या पेचाने माझी डावी दाढ जास्तच ठणकू लागली. तेवढ्यात निरगुडसरची जत्रा आली आणि मी आत्याच्या गावी गेलो.

निरगुडसर आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पूर्वेला. गावाच्या नावातच निरगुडी. सुजेवर तिचा पाला शेकून बांधावा हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. आता आत्या नाही, मामा नाहीत (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणायचो). डिंभे धरणाचं पाणी या भागात फिरलं, ऊस वाढला, उसात बिबटे राहायला आले. घर आता माझा आतेभाऊ बघतो. त्याचा उजवा हात कोपरापासून आखडलेला आहे आणि बोटं कायमची मिटल्यासारखी वाकलेली आहेत, काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी. त्या हाताने तो चहाची बशी मात्र झकास पेलतो.

ओसरीवर बसून मी त्याला दाढेची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्निया सांगितला. न्यूझीलंडही सांगितला, की तिथे १९७४ पासून निराळीच तऱ्हा आहे. उपचारात इजा झाली तर दोष कोणाचा हे शाबीत करत बसायचं नाही, सरकारी निधीतून भरपाई मिळते.

"हात्तिच्या," तो म्हणाला, "हे तर आमच्याकडे बिबट्याचं आहे. शेळी नेली की फॉरेस्टवाले येतात, पंचनामा करतात, पैसे देतात. बिबट्या निष्काळजी होता का, असं कोणी विचारत नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं आहे. पण पैसे मिळाले म्हणून बिबट्या काय शिकतो? दुसऱ्या दिवशी शेजारची शेळी."

मी गप्प बसलो. न्यूझीलंडच्या पद्धतीवर एवढी नेमकी टीका मी कुठे वाचली नव्हती. आणि बोलताना त्याने तो वाकडा हात हलवला, तशी मला १९७१ सालची ती मेची रात्र आठवली.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो, तो दहाचा. कैऱ्या पाडायला तो झाडावर चढला आणि पडला. आत्याने आधी निरगुडीचा पाला बांधला. मग मामांनी बैलगाडी जुंपून त्याला जवळच्या बाजाराच्या गावी डॉक्टरांकडे नेलं. कोपराच्या वर हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं, हात उंच धरायला सांगितलं आणि घरी धाडलं.

दिवेलागणीपासून तो रडू लागला. म्हणाला, बोटांना मुंग्या येतात, हात फुटतोय. डॉक्टरांचा कंपाउंडर आमच्याच वाटेने सायकलवरून घरी जायचा. त्याला थांबवलं. तो म्हणाला, "प्लॅस्टर म्हटलं की दुखायचंच," आणि एक पांढरी गोळी देऊन गेला. मामा म्हणाले, "गड्यासारखा गडी, रडतोस काय?" आत्याने देवापुढे दिवा लावला. त्याचं अंथरूण माझ्या शेजारी होतं. मध्यरात्र उलटली तरी कण्हणं चालूच. मी म्हणालो, "गप रे भागूबाई, झोपू दे." आणि गोधडी कानावरून ओढून घेतली.

सकाळी बोटं गार आणि निळी पडली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी प्लॅस्टर कापलं आणि त्याला पुण्याला पाठवलं. पण उशीर झाला होता. आत हात सुजत जातो, वरून प्लॅस्टर ढिलं होत नाही, मधल्यामध्ये रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरतात. फोल्कमन नावाच्या जर्मन डॉक्टरने हे १८८१ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे तोवर ही माहिती नव्वद वर्षं जुनी झाली होती. निरगुडसरपर्यंत यायला तिला एसटी मिळाली नसावी.

तो पुण्याहून परत आल्यावर एका संध्याकाळी डॉक्टर आले. याच ओसरीवर बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, माझं चुकलं. मी याला घरी धाडायला नको होतं. धाडलं तर रात्री काय बघायचं ते सांगायला हवं होतं. पोरगं खरं बोलत होतं."

आत्या पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डागदर, तुमी आलात, बोललात, बरं झालं. पर हात काय परत येत नाय. आता येवढं करा, दुसऱ्या कुनाच्या पोराला असं रातीचं घरी धाडू नका."

‘माफ केलं’ असं ती म्हणाली नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे घरात ही गोष्ट ‘आत्याने मोठ्या मनाने माफ केलं’ अशी सांगितली जाऊ लागली. पुढच्या वर्षी त्या दवाखान्यात पत्र्याची एक पाटी लागलेली मी पाहिली. प्लॅस्टर घातल्यावर बोटं गार पडली, निळी झाली, मुंग्या आल्या किंवा दुखणं वाढलं, तर मध्यरात्री दार वाजवा. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची यादी काढली. रुग्णाचं नाव काय, कुठली बाजू, फडकी मोजली का, हे सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचं. आमची ही प्रवासाला निघताना ‘गॅस, नळ, दिवा, किल्ली’ असं म्हणते, तसंच. पुढे मोठमोठ्या लोकांनी जे केलं, त्यातलं एक कलम माझ्या अंगठाबहाद्दर आत्याने १९७१ सालीच लिहून घेतलं होतं.

हे सगळं मी पूर्वी पुतण्याला सांगितलं होतं. तो ऐकून म्हणाला, "काका, ते डॉक्टर सज्जन निघाले. आले नसते तर? आणि आत्याआजींना खरंच भांडायचं नव्हतं, की कोर्टात खेपा घालणं परवडत नव्हतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गरिबाची क्षमा आणि गरिबाची लाचारी लांबून सारखीच दिसते. जो डॉक्टर येत नाही त्याच्यासाठी कोर्ट हवंच, आणि ते पंधरा नि तेहतीस वर्षं न लावणारं हवं. पण कोर्ट डॉक्टरला ओसरीवर आणून बसवू शकत नाही. उलट कोर्टाच्या भीतीने जो आला असता तोही घरी बसतो, तिथे काहीतरी बिघडलंय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८६ साली कायदा केला, की अपघातानंतर कोणी हळहळ बोलून दाखवली तर ती त्याच्याविरुद्ध पुरावा धरायची नाही. हळहळायलाही कायदा लागावा, म्हणजे चोरी किती खोल गेली असेल बघा.

आतेभाऊ बशीतला चहा संपवून म्हणाला, "हाताचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. बैल जुंपता आला नाही कधी. पण त्या रात्री अख्खं घर म्हणत होतं, पोरगं नाटक करतंय. मलासुद्धा वाटायला लागलं होतं, की आपण नाटकच करतोय की काय. डॉक्टर येऊन बोलला तेव्हा कळलं, मी खोटा नव्हतो."

मी मनात माणसं मोजली. डॉक्टर, कंपाउंडर, मामा, आत्या. चौघांनी त्याचं ऐकलं नाही. त्यातल्या एकाने येऊन कबूल केलं. आणि त्याच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, पाचवा होता.

"अरे..." माझ्या तोंडून निघालं. आणि पुढचं घशात अडकलं. त्या दातांच्या डॉक्टरबद्दल मला प्रथमच माया वाटली. त्याला अडवायला विमा कंपनी तरी होती. मला कोण अडवत होतं?

शेवटी म्हणालो, "त्या रात्री मी तुला भागूबाई म्हणालो होतो. गोधडी ओढून झोपलो. माझं चुकलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या मिशीत हसू आलं. "पन्नासच्या वर वर्षं लागली की रे तुला! तुझ्यापेक्षा सुप्रीम कोर्ट बरं. ते तेहतीस वर्षांत मोकळं झालं."

मग वाकड्या हाताने त्याने शेंगांची परडी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "आणि ती खरी दुखणारी दाढ कधी काढतोस?"

डावी अजून तशीच आहे. त्या डॉक्टरांकडे पुन्हा जायचा धीर होत नाही. पण आता वाटतं, जावं. या वेळी आ करायच्या आधीच त्यांना सांगावं, "डॉक्टर, मागच्या खेपेचा एक ‘च्चा’ तुमच्याकडे राहिलाय. तेवढा देऊन टाका. मी कोणाला सांगणार नाही, विमा कंपनीलासुद्धा."